जार पडायच्या आधी

खरवस मला आवडत नाही, असं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. म्हस व्यायला चार दिवस राहिलेत असं कळलं की मी वेलदोडे सोलून पुडीत बांधून ठेवायची. व्यालेल्या म्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध दाट असतं, पिवळसर असतं. त्याला आम्ही चीक म्हणतो. त्यात गूळ विरघळवायचा, वेलदोडा टाकायचा, डब्यात ओतून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बसवायचा आणि झाकण उडू नये म्हणून वर वरवंटा ठेवायचा. थोड्या वेळानं झाकण आतून टकटक वाजायला लागतं. ती टकटक ऐकत मी चुलीपुढं बसून राहायची, आई हाकलायची तरी हलायची नाही. सुरीनं कापली की वडी थरथरते, आणि जिभेवर ठेवली की चावावी लागत नाही. एवढं सगळं कबूल करून आता पुढचं लिहिते. त्या वड्यांपायी आमच्या घरानं ओळीनं चार रेडकं मारली. मारली हाच शब्द मी लिहिणार. घरातली माणसं 'गेलं' म्हणायची, 'देवानं नेलं' म्हणायची. देवानं काही नेलं नव्हतं. आम्ही त्यांचं दूध खाल्लं होतं, आणि सगळ्यात मोठी वाटी माझी असायची.

आमचं घर उचगावात, गावाच्या कोल्हापूरकडच्या अंगाला. एकाच लांब छपराखाली पुढं माणसं आणि मागं म्हशी, मधे भिंत, तीही छातीएवढीच. त्यामुळं जेवताना आम्हाला म्हशींचं रवंथ ऐकू यायचं आणि म्हशींना आमची भांडणं ऐकू जात असणार. सकाळ साखळ्यांच्या आवाजानं व्हायची. मग आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, 'हं, सरक, सरक' सुरू व्हायचं, मग शेणाच्या पाट्या, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. आबा रोज दोन म्हशी हाकत शहरात दुधाच्या कट्ट्यावर जायचे. कोल्हापूरच्या माणसाचा घरी आलेल्या दुधावर भरवसा नसतो. म्हस समोर उभी पाहिजे, धार समोर काढली पाहिजे, आणि फेसाचा पेला तिथंच उभ्या-उभ्या तोंडाला लावता आला पाहिजे. तालमीतली पोरं, पेन्शनवाले, सकाळी फिरायला निघालेले वकील, अशी आबांची ठरलेली गिऱ्हाइकं होती. त्या दुधावर आमचं चार माणसांचं घर चालायचं. जमीन होती, पण या बांधावरून त्या बांधावर थुंकता येईल एवढीच. म्हणून एक म्हस आटायच्या आत दुसरी तयार लागायची, आणि ती तयार व्हायची तर गोठ्यात रेड्या जगायला पाहिजे होत्या. त्या जगत नव्हत्या. विकत म्हस आणायची ऐपत नव्हती. सहा म्हशींच्या गोठ्यात तीनच उरल्या होत्या, आणि रिकाम्या दावणींत आई सरपण रचून ठेवायची.

गोठ्यावर राज्य आत्तीचं. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. आई तिला आक्का म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं गोठ्यातून हाक मारली की गल्लीच्या टोकाचं माणूस 'ओ' द्यायचं. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला. तरीही ती सासरी राहिली असती, पण तिथं एक गोष्ट घडली. माहेरहून तिला दिलेली म्हस व्याली, आणि आत्ती पाणी घेऊन येते तो रेडकू सुटून म्हशीला लुचत होतं. जार अजून पडायचा होता. जार म्हणजे पोटात रेडकाभोवती जे वेष्टण असतं ते. रेडकू आलं की मागाहून तेही पडावं लागतं. तो जार पडलाच नाही. आत कुजला, आणि आठवड्यात म्हस गेली. सासू म्हणाली, नवरा खाल्लास, आता म्हस खाल्लीस. आत्ती म्हशीचं रिकामं दावं हातात घेऊन चालत माहेरी आली. ते दावं आमच्या गोठ्यात खुंटीवर टांगलेलं असायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून तिचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जार पडल्याशिवाय रेडकानं सडाला तोंड लावायचं नाही. लावलं तर जार वर चढतो. असं सगळंच गाव मानायचं, पण गाव ऐकीव सांगायचं आणि आत्तीनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

जार पडायला कधी दोन-तीन तास लागायचे, कधी दिवस मावळायचा. तोवर रेडकू कोपऱ्यात बांधलेलं, ओलं, थरथरत, भिंत चाटत. जार पडला की आत्ती सड धुवायची आणि चीक काढायची. पहिला मान गल्लीचा. आमच्या गल्लीत आमचं सोडून सात घरं. कुणाचीही म्हस व्याली की प्रत्येक घरी चिकाचा तांब्या गेलाच पाहिजे, आणि तो तांब्या परत येताना रिकामा यायचा नाही, त्यात मूठभर तांदूळ नाहीतर गुळाचा खडा असायचा. ज्या घरातून तांब्या येत नाही ते घर कद्रू, त्या घराशी सोयरीक करताना माणसं दोनदा विचार करायची. गल्ली झाली की घरचा खरवस. आणि राहिलं-साहिलं रेडकाला, तेही बोट बुडवून चाटवल्यागत. पंधरा दिवसांत त्याला हगवण लागायची, डोळे आत जायचे, आणि एका सकाळी ते उठायचं नाही.

रेडकू मेलं की म्हस पान्हा सोडत नाही. त्यावरही आमच्याकडं उपाय होता. रेडकाचं कातडं सोलून घ्यायचं, त्यात पेंढा भरायचा, चार काठ्यांचे पाय करायचे आणि ते म्हशीपुढं उभं करायचं. म्हस ते चाटते आणि दूध सोडते. आबा ते सोंग सायकलच्या कॅरिअरला बांधून कट्ट्यावर न्यायचे. बारावी नापास होऊन मी घरी बसले होते, त्या वर्षी एकदा आबांचा डबा घेऊन गेले. आमची चंद्री नावाची म्हस त्या कातड्याला चाटत उभी होती. चाटून-चाटून त्याच्या मानेवरचे केस गेले होते आणि आतला पेंढा बाहेर आला होता. तरी ती चाटत होती, घशातून हळू आवाज काढत होती. एक गिऱ्हाईक मिशीवरचा फेस पुसत म्हणालं, "म्हस लई गुणी हाय हो तुमची." डबा तिथंच ठेवून मी पायी घरी आले, आणि वाटेत ठरवलं की पुन्हा असलं कातडं बघायचं नाही. कसं, ते काही ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला गावात चौगुले डॉक्टर आले. जनावरांचे डॉक्टर, पण औषधाची पेटी कमी आणि कागद जास्त. सडपातळ, चष्मेवाले, स्कूटर बंद करूनही पाच मिनिटं हेल्मेट काढायचं विसरणारे. कुठल्याशा संशोधनाचं काम होतं. लहान शेतकऱ्यांच्या म्हशींची पिल्लं का जगत नाहीत, ते घरोघर जाऊन शोधायचं. ते दारात येऊन विचारायचे, किती व्याल्या, किती जगली, पहिलं दूध कधी पाजलं. आत्तीला हा प्रकार अजिबात आवडला नाही. "मेलेली कशाला मोजालायसा?" ती म्हणाली. "जितीला काय असंल तर द्या, न्हायतर च्या पिऊन जावा." डॉक्टर चहा पिऊन गेले आणि आठ दिवसांनी पुन्हा आले. रागावणं त्यांना येत नव्हतं आणि सोडून देणंही येत नव्हतं. त्यांना गावातलं कुणी लिहिता-वाचता येणारं हवं होतं. कुठं म्हस व्याली की जायचं, वेळ लिहायची, रेडकाच्या छातीचं माप टेपनं घ्यायचं, महिनाभर खबर ठेवायची. मी आबांना म्हटलं, मी करते. आत्ती म्हणाली, पोरीच्या जातीनं दुसऱ्याच्या गोठ्यात कशाला हिंडायचं. आबा म्हणाले, आपल्या गोठ्यात हिंडायला आता म्हशी कुठायत. दुसऱ्या दिवसापासून मी टेप गळ्यात अडकवून निघाले.

वर्षभर हिंडले. आणि हिंडता-हिंडता मला एक घर सापडलं. शेवंता मावशी गावाच्या शेवटाला राहायची. एकटी बाई, शिरोलीच्या बाजूला कारखान्यात कामाला, घरी एकच म्हस. तिची रेडकं जगायची. एकही मेलं नव्हतं. गाव म्हणायचं तिच्या हाताला यश आहे, कुणी म्हणायचं जोतिबा पावलाय. मी तिला विचारलं, "मावशी, तू काय करतीस?" ती हसली. "मी काय करणार? मी घरात असतो कुठं? कामावरनं येतो तवर ही व्याल्याली असती, आनि रेडकू पिऊन झोपल्यालं असतंय." मी घरी येऊन वर्षभराच्या नोंदींची सगळी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. रानात चरताना व्यालेल्या म्हशीचं रेडकू जगलेलं. सगळे लग्नाला गेले असताना व्यालेल्या म्हशीचं जगलेलं. जिथं घरातलं शहाणं माणूस दावं धरून उभं होतं, तिथं मेलेलं. आमची रेडकं आमच्या काळजीनं मरत होती.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि घालायचा विसरून गेले. म्हणाले, "सुमन, हे मला वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं." मग त्यांनी मला समजावलं. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद नसते. ती चिकातून मिळते. पण पोटातलं एक दार असतं असं समज. पहिले काही तास ते उघडं असतं, मग हळूहळू मिटत जातं, आणि दिवसभरात बंद. नंतर घागरभर पाजलं तरी ती ताकद रक्तात जात नाही. मी जाराचं विचारलं. ते म्हणाले, रेडकू लुचलं की जार पडायला उलट मदत होते, वर काही चढत नाही. मी म्हटलं, मग आमच्या आत्तीची म्हस का मेली? ते म्हणाले, जार अडकायची कारणं दहा असतात. त्या दिवशी रेडकू प्यालं आणि म्हस मेली, एवढंच तिनं बघितलं.

ही गोष्ट त्यांनी गावात सांगून बघितली. देवळापुढच्या पारावर पंधरा-वीस माणसं जमली होती. एकजण मागून म्हणाला, "डाक्टर जैन हाईत, त्यास्नी खरवस चालत न्हाय. म्हणून आमचा बी बंद करालेत." सगळे हसले. डॉक्टरही हसले. म्हणाले, "मी खात न्हाय ते माझ्यापुरतं. तुम्ही खावा की. फक्त रेडकाच्या आधी खाऊ नका." बैठक तिथंच मोडली, कारण हसून झाल्यावर माणसं जेवायला निघून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्रंदिवस म्हशींच्या मागं राबणारी ही माणसं, पण कुठलं रेडकू कधी प्यालं आणि कुठलं जगलं, ते आपल्या बायकांना घरी विचारायचंही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

इथं थोडं थांबून आताचं एक सांगते. मागच्या पावसाळ्यात चंदगडकडं बायकांचं एक शिबिर होतं, मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. गुडघे बोंबलत होते तरी एस.टी.नं गेले. एक तरुण साहेब भिंतीवर चित्रं दाखवत होते, आणि म्हणाले, पूर्वी शेतकरी अडाणी होते म्हणून चीक पाजत नव्हते. मी उठले. म्हटलं, साहेब, बसा जरा. अडाणी नव्हते, भ्यालेले होते. ज्याची एकुलती एक म्हस डोळ्यांसमोर मेली त्याला तुमच्या चित्रानं काय फरक पडतो? आधी त्याची म्हस कशी मेली ते ऐकून घ्या, मग शिकवा. साहेबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही, त्यांनी दिलेला नारळ मात्र मी घेऊन आले.

तर, चंद्री. तीच, कातडं चाटणारी. ती पुन्हा गाभण होती आणि दिवस भरले होते. एका सकाळी आबा कट्ट्यावर गेले आणि ती व्याली. आत्तीनं स्वतः पाय धरून ओढलं, नाकातला चिकटा बोटानं काढला, आणि शेपूट उचलून बघितलं. "रेडी हाय," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं. मग नेहमीसारखं रेडीला पुढच्या पायांना धरून कोपऱ्यात नेलं, गळ्यात दावं अडकवलं, आणि मला गरम पाणी आणायला सांगितलं. मी पाणी चुलीवर ठेवून परत आले आणि रेडीजवळ बसले. ती गुडघ्यांवर उठली, पडली, पुन्हा उठली. तोंडानं काहीतरी शोधत होती. भिंत चोखली, माझा पदर चोखला, शेवटी माझं कोपर तोंडात धरून चोखत राहिली. तिची जीभ गरम होती. मला ते मिटत चाललेलं दार दिसायला लागलं. मी दाव्याची गाठ सोडली.

"सुमे, काय करालीस?"

"पाजालेय."

"जार पडू दे."

"न्हाय."

गोठ्यात आत्तीला 'न्हाय' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आबांनीही नाही. ती दोन ढांगांत आली आणि दाव्याचं दुसरं टोक धरलं. मी एकीकडं, ती एकीकडं, मधे रेडी पाय फाकून उभी.

"सोड ते दावं."

"न्हाय सोडत. चार बघितली, आत्ती. पाचवं न्हाय बघणार."

"आनि म्हस गेली म्हंजे? त्यो डाक्टर दुसरी आणून देतोय व्हय? काय खानार हाईस?"

"म्हस गेली तर मी जबाबदार. तुझ्यागत दावं हातात घिऊन मी बी घरातनं निघून जाईन."

ते तोंडातून निघून गेलं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी तिच्या तोंडावर मारली होती. आज ती असती तर मी तिच्या पाया पडून माफी मागितली असती. पण दावं सोडलं नसतं, हेही खरं. आत्तीची पकड मात्र सुटली नाही, आणि जोर तिच्यात माझ्या दुप्पट होता. तिनं दावं ओढलं, तशी मी शेणात घसरले.

तेव्हा आई आली. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पीठ. माझी आई नणंदेपुढं आवाज चढवणारी बाई नव्हती. जेवण झालं का विचारतानाही तिच्याकडं न बघता विचारायची. ती भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, पिऊ द्या तिला."

"तू मधी पडू नगंस."

"माझ्या पैल्याला बी तीन दिस पाजू दिलं न्हाय," आई म्हणाली. "गुळाचं पाणी चाटवलं. तुम्हीच म्हणालासा, चीक वाईट असतोय, पिळून टाक. मी मोरीत पिळून टाकलो. छाती फुटायला आल्ती आनि त्यो रडालता. तवा मी बोललो न्हाय. आज बोलालोय. पिऊ द्या."

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता आणि महिन्याच्या आत गेला होता, एवढं मला माहीत होतं. देवानं नेला, असं सांगायचे. आई बोलून गेली आणि तिच्या हातावरचं पीठ जमिनीवर सांडत राहिलं. आत्तीनं आईकडं बघितलं. मग बोटं उघडली. दावं फेकलं नाही, झटकलं नाही, नुसती बोटं उघडली. आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर आमच्याकडं पाठ करून जाऊन बसली.

मी रेडीला पोटाखाली धरून चंद्रीच्या कासेपाशी नेलं. दोनदा तिचं तोंड चुकलं. तिसऱ्यांदा सड सापडला, आणि ती ढुसण्या देत प्यायला लागली. शेपूट हलायला लागली, तोंडाच्या कडेनं पिवळा फेस गळायला लागला. चंद्री मान वळवून तिला चाटत होती, खरं केसांचं, ओलं, गरम अंग.

मग वाट बघणं. तेव्हाचं मी आता खरं सांगते, कारण आता सांगायला कुणाच्या बापाला भीत नाही. मला धीट म्हणणारी माणसं आहेत. त्या दिवशी मी भ्याले होते. चंद्रीनं कळ दिली की मी उठून तिच्या शेपटीखाली बघायची. एकदा तिनं बसून डोळे मिटले, तेव्हा मी तिच्या नाकापुढं हात धरून श्वास बघितला. समोरच खुंटीवर आत्तीचं ते जुनं दावं टांगलेलं होतं. घरात कुणी जेवलं नाही. आई भाकरी टोपलीत झाकून ठेवून दारात बसून राहिली. ऊन भिंतीवरून उतरत अंगणाच्या मधोमध आलं तेव्हा चंद्री उठली, पाठ वाकवली, आणि जार पडला. आवाज ऐकून आत्ती वळली. जवळ आली, काठीनं तो पसरून बघितला, तुकडा आत राहिलाय का ते तपासलं. अख्खा होता. ती हळूच म्हणाली, "चांगभलं." मग मला म्हणाली, "कुत्री यायच्या आत पुरून ये." एवढंच. पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

रेडी त्या दिवशी पोट भरेतो तीनदा प्याली. तिचं झाल्यावर जे निघालं त्याचा आईनं एक लहान डबा खरवस लावला. सात घरांसाठी सात वड्या, अंगठ्याएवढ्या. तांब्याऐवजी मी त्या वाट्यांतून देऊन आले. सातांतल्या पाच वाट्या रिकाम्या परत आल्या. आमच्या घराचं भांडं त्या गल्लीत कधी रिकामं परत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारची पारूकाकू दारात येऊन उभी राहिली. "काय आक्का, यवढासाच खरवस? का तुम्ही बी डाक्टरागत सोडून दिलासा?" मी आतून ऐकत होते. आत्ती शेणाची पाटी खाली ठेवत म्हणाली, "रेडकाचं उष्टं हाय त्ये. त्येनं ठेवलं तेवढं तुला दिलं. गोड वाटलं नसंल तर वाटी घासून आण." पारूकाकू गेली. आत्तीनं माझ्याकडं बघितलं नाही, पाटी उचलली आणि उकिरड्याकडं गेली.

नवव्या दिवशी रेडीला हगवण लागली. गल्लीला बरंच वाटलं असावं. आत्तीनं स्वतःची वाकळ तिच्या अंगावर टाकली आणि तिच्याजवळून हलली नाही. डॉक्टरांनी येऊन जंताचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. आधीची चारही याच दिवसांत गेली होती. ही तीन दिवसांनी उठली, आणि उठल्या-उठल्या आत्तीच्या पदराचं टोक चावून ओलं करून टाकलं. महिना झाला. दुसरा झाला. रेडी गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून आईच्या तुळशीत घुसायला लागली. आमच्याच घरातली उत्तरं मी लिहू नयेत असा डॉक्टरांचा नियम होता, म्हणून त्यांनी स्वतः कागद मांडीवर घेऊन आत्तीला विचारलं, "पहिलं दूध कधी पाजलं?" आत्ती म्हणाली, "जार पडायच्या आधी." डॉक्टरांचं पेन थांबलं. "लिवा की," ती म्हणाली. "का लिवायला येत न्हाय?"

त्या संशोधनाचं पुढं पुस्तक झालं. इंग्रजीत. डॉक्टरांनी मला एक प्रत पाठवली, ती अजून माझ्या कपाटात आहे. पुढं मी तीसेक वर्षं हेच काम केलं, गोठ्यागोठ्यांतून हिंडले, त्यामुळं त्यातलं जवळजवळ सगळं मला आता वाचता येतं. शेवंता मावशीचं नाव त्यात नाही. आत्तीचं नाही, आईचं नाही, माझंही नाही. 'स्थानिक महिला' एवढा शब्द आहे. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही, पण त्या शब्दावर आहे. म्हणून ही नावं मी इथं लिहून ठेवली.

आणखी एक लिहायचं राहिलं. त्या रेडीनंतर चार-पाच वर्षांनी माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, त्याच घरात, सकाळच्या वेळी. गावातली म्हातारी सुईण होती. मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसलं, फडक्यात गुंडाळलं, आणि सवयीप्रमाणं गुळाच्या पाण्याची वाटी जवळ ओढून त्यात कापसाचा बोळा बुडवला. माझ्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं. आई दारात उभी होती, तिचा हात तोंडावर गेला. आत्ती तोवर पुरती थकली होती, काठी टेकत चालायची. ती उठली. सुईणीच्या हातातली वाटी तिनं काढून घेतली, बोळा बाजूला टाकला, आणि ते पाणी स्वतः घटाघटा पिऊन टाकलं. मग रिकामी वाटी जमिनीवर पालथी ठेवली आणि म्हणाली, "गोड हाय. आता लेकराला आईजवळ दे."